इतवारीतलं बिनपाटीचं दुकान आणि आमच्या घरचे ‘चिनी म्हातारे’

नागपूरच्या इतवारीत शहीद चौकातून सराफा ओळीच्या मागच्या अंगाला शिरलं, की डाव्या हाताला एक अरुंद जिना आणि जिन्याला चिकटून जेमतेम आठ फुटांचं दुकान लागतं. पाटी नाही. “जुन्या भांड्यांचं दुकान” असं विचारलं तर लोक पितळेच्या मोडवाल्याकडे धाडतात. मला दोनदा धाडलं. “फुटकी कपबशी जोडून देणारे काका कुठं बसतात?” असं विचारा, कोणीही दाखवेल. गाडी आत न्यायच्या भानगडीत पडू नका. गांधीबागेत कुठं जागा मिळाली तर लावा आणि पायी या.

खाली वडील बसतात, पंचाहत्तरीचे असतील. जुनी चिनी माती, काच, घड्याळं यांची विक्री त्यांच्याकडे. वरच्या खोलीत मुलगा दुरुस्ती करतो. तो लखनौला हे काम रीतसर शिकून आलाय. मी गेले ती वरच्या कामासाठी, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः दुरुस्तीबद्दल आहे. पण खालच्या काकांबद्दल लिहिल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी दोन जोडफुलदाण्या होत्या. सव्वा फूट उंच, साईच्या रंगाच्या, अंगभर सोनं. त्यांच्यावर टकलू, लांब भुवयांचे, पिवळ्या-तांबड्या वस्त्रांतले म्हातारे दाटीवाटीनं बसलेत, मधे एक शांत चेहऱ्याची देवी आणि सगळ्यांच्या खांद्यामागून वळसे घेत गेलेला एक ड्रॅगन. सासूबाई त्यांना ‘चिनी म्हातारे’ म्हणायच्या. आजेसासरे बंगाल-नागपूर रेल्वेत होते, त्यांनी त्या कलकत्त्याहून आणल्या. १८८३ साली कलकत्त्याला जे मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, त्यात मांडलेली ही जोडी, असं घरात तीन पिढ्या सांगत आलेत. बुडाला चिकटवलेल्या तपकिरी कागदावर आजेसासऱ्यांच्या अक्षरात ‘कलकत्ता प्रदर्शन’ असं लिहिलेलंही होतं. त्यामुळे कोणी शंका घेतली नाही.

त्यातल्या एकीची मान २००९ साली तुटली. तेव्हा बर्डीवर एका दुकानात दिली होती. त्यांनी दोन नळ्यांतला गोंद कालवून ती एका संध्याकाळी चिकटवून दिली आणि सांध्यावरून सोनेरी ऑइल पेंट फिरवला. गोंद दोन वर्षांत पिवळा पडला, पेंट काळवंडला. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मला रोज तो पट्टा दिसायचा आणि रोज जीव चुकचुकायचा. शेवटी तो भाग भिंतीकडे वळवून ठेवला होता.

यंदा मार्चच्या शेवटी कूलर बसवायला आलेल्या मुलानं खिडकीतली ती फुलदाणी बाजूला करायला उचलली आणि उचलली ती मानेनं. मान त्याच्या हातात राहिली, पोट गादीवर पडून फरशीवर घरंगळलं. काठाचे तीन तुकडे झाले, सिंहाच्या तोंडाच्या आकाराचा एक कान, म्हणजे धरायची मूठ होती, त्याचा चुरा झाला. मुलगा रडवेला झाला. मी त्याला म्हटलं, बाळा, ती मान आधीच तुटलेली होती, तुझा दोष नाही. तुकडे गोळा करता करता तो थांबला आणि म्हणाला, “काकू, हे अर्हत आहेत नं?”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो नागपुरातल्याच इंदोऱ्याचा. तिथल्या बुद्धविहारात मूळचे जपानचे भिक्षू भदंत ससाई यांना बघत मोठा झालेला. लांब भुवया, मागचं तेजोवलय, हातातली जपमाळ आणि भिक्षापात्र बघून त्यानं क्षणात ओळखलं. ऐंशीच्या वर वर्षं ते आमच्या घरात आहेत आणि त्यांचं नाव आम्हाला कूलर बसवणाऱ्या मुलानं सांगितलं. जपानीत त्यांना ‘राकान’ म्हणतात, बुद्धाचे अर्हत शिष्य. मधली देवी म्हणजे कान्नोन, आपला अवलोकितेश्वर. म्हणजे म्हातारे चिनी नव्हतेच. मूळचे ते इकडचेच.

तुकडे घेऊन मी इतवारीत गेले. काकांनी पिशवीत हात घालण्याआधी विचारलं, “ताई, झाडू मारला का तुकड्यांवर? चुरा आणला का?” चुरा मी आणला होता, रव्याच्या डब्यात. ते खूश झाले. मग त्यांनी शाबूत फुलदाणीचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि तुटकीच्या काठावर नखानं टकटक केलं. आवाज बद्द आला. शेजारची एक कपबशी उचलून तिच्यावर तसंच केलं, ती घंटेसारखी वाजली. “हे पोर्सेलीन, हे नाही. तुमची माती भाजलेली आहे पण कमी आचेवर. पाणी पिऊन राहिली आहे इतकी वर्षं. धुवत होत्या का हिला?”

हो, धुवत होते. दर दिवाळीला, साबणाच्या पाण्यात बुडवून. चकाकीच्या थराखाली जाळ्यासारख्या बारीक चिरा असतात त्या या भांड्यांत मुद्दाम आणलेल्या असतात, त्यातून पाणी आत झिरपतं आणि मळ तिथेच बसतो. साईचा रंग काही ठिकाणी चहाच्या डागासारखा झाला होता तो माझ्या हातानं. काकांनी हे शांतपणे सांगितलं, आणि मला त्यांचं सांगणं आवडलं. त्यांनी त्यातून भीती घालून जास्तीचं काम काढलं नाही. “डाग आता जाणार नाही. घालवायला गेलं तर सोनं जाईल. राहू द्या.”

पाहण्याचे ३०० रुपये घेतात, काम दिलं तर ते बिलात वळते करतात. वर मुलानं प्रत्येक तुकड्याचा फोटो काढला, वहीत आकृती काढून तुकड्यांना नंबर दिले, त्यावर माझी सही घेतली. खर्च ५,५०० सांगितला, निम्मे आगाऊ. शेवटी बिलही तेवढंच झालं. मुदत मात्र सहा आठवड्यांची सांगितली आणि लागले बारा. ही माझी खरी तक्रार आहे. उशीर होणार हे त्याला मेच्या सुरुवातीलाच कळलं होतं, फोन मात्र मीच करत राहिले. घरी लग्नकार्य असेल, कुणाला भेट द्यायची असेल, तर त्यांच्या तारखेवर विसंबू नका.

उशिराचं कारण ऐकल्यावर राग गेला, तेही लिहिते. २००९ चा गोंद काढायलाच जवळजवळ तीन आठवडे गेले. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस सांध्यावर ठेवायचा, वरून पॉलिथिन गुंडाळायचं, रात्रभर तसंच. सकाळी गोंद फुगून रबरासारखा होतो, तो लाकडी काडीनं थोडाथोडा सोलायचा. पुन्हा कापूस. भिंगाखाली बसून, कारण पेंटच्या खाली मूळचं सोनं होतं आणि ते भट्टीत पक्कं झालेलं असलं तरी घासणं सहन करत नाही. मी एका दुपारी तासभर तिथं बसून पाहिलं. बोटभर रुंदीच्या पट्ट्यातून काळा पेंट निघाला आणि खालून एका अर्हताची बाही वर आली, त्यावर पांढऱ्या मिन्याचे उठावदार ठिपके. बोट फिरवलं तर मोहरीचे दाणे हाताला लागावेत तसे. एकेक ठिपका कुणीतरी कुंचल्याच्या टोकानं ठेवलेला. पंधरा वर्षं तो सोनेरी पेंटखाली गाडलेला होता.

दुसरं कारण आपल्या नागपूरचा उन्हाळा. अशी कमी आचेची माती जोडायला पॅरालॉइड बी-७२ नावाचा ॲक्रिलिक गोंद वापरतात, कारण तो पुन्हा ॲसिटोनमध्ये विरघळवून काढता येतो. पण तो चाळीस अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. मेमध्ये आपल्या घरातली पश्चिमेची भिंत किती तापते ते मी सांगायला नको. मुलगा म्हणाला, “काकू, थंड देशातल्या पुस्तकात हा गोंद एकदम बेस्ट म्हणून लिहिलेला असतो. इथं मान हळूहळू कलली असती.” त्यानं भार येणाऱ्या सांध्याला त्याच गोंदाचा दुसरा प्रकार, बी-४४, वापरला, तो साठ अंशांपर्यंत दम धरतो, आणि जोडायचं काम पाऊस पडून हवा थंड झाल्यावरच केलं. इतका विचार माझ्या वस्तूसाठी कुणी केला नव्हता.

आता बुडावरचा कागद. तो ओल्या बोळ्यानं सोडवताना मुलानं मला मुद्दाम बोलावून घेतलं, “तुमच्यासमोरच काढतो” म्हणून. कागद निघाला. खाली तांबड्या रंगात एक वर्तुळ आणि त्यात फुली. दक्षिण जपानातल्या सात्सुमा प्रांताचे सरदार असलेल्या शिमाझु घराण्याचं हे चिन्ह. आणि त्याखाली लहान इंग्रजी अक्षरांत शिक्का: मेड इन जपान.

काकांनी जिन्यातूनच विचारलं, “इंग्रजी शिक्का आहे का?” आणि मग वर येऊन, खुर्ची ओढून, मला जे सांगितलं ते असं. १८९० साली अमेरिकेनं कायदा केला, की बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत हवं. १८९१ पासून जपानी भांड्यांवर ‘निप्पॉन’ यायला लागलं. १९२१ मध्ये अमेरिकेनं ‘निप्पॉन’ चालणार नाही, ‘जपान’ लिहा असं ठरवलं. म्हणून शिक्क्यात ‘जपान’ दिसलं की वस्तू बहुतेक १९२१ नंतरची धरायची. फुली-वर्तुळाचं म्हणाल, तर निर्यातीच्या मालावर ते क्योटोत, योकोहामात, कोबेतही सर्रास घालत. “ताई, ही १८८३ च्या प्रदर्शनात असू शकत नाही. तेव्हा ही जन्मली नव्हती.”

मला वाईट वाटलं हे लपवत नाही. आजेसासरे खोटं बोलणारे नव्हते. फुलदाण्या विकणाऱ्यानं तो कागद लावलेला असावा, त्यानं जे सांगितलं ते आजेसासऱ्यांनी विश्वासानं लिहून ठेवलं. काकांना हे न सांगणं सहज शक्य होतं. मी पैसे द्यायला तयार होते, वस्तू विकायची नव्हती, माझी कहाणी माझ्यापाशी राहिली असती तर त्यांचं काहीच बिघडत नव्हतं. त्यांनी सांगितलं, आणि सांगताना माझी वस्तू हलकी केली नाही. म्हणाले, “प्रदर्शनाची नाही, पण प्रदर्शनामुळे झालेली आहे. नात आहे त्यांची.” त्या वाक्यानं मी दोन महिने वाचत बसले.

आधी १८६२. लंडनच्या प्रदर्शनात ब्रिटनचे जपानमधले राजदूत रदरफोर्ड ॲल्कॉक यांनी स्वतः जमवलेल्या जपानी वस्तू मांडल्या, आणि युरोपच्या लोकांनी त्या पहिल्यांदा एवढ्या संख्येनं पाहिल्या. जपाननं अधिकृतपणे भाग घेतला तो १८६७ च्या पॅरिसमध्ये. तिथं गंमत अशी की एकाच देशाचे तीन वेगळे मांडव: शोगुनाचं, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाचं सरकार, सागा प्रांताचे सरदार, आणि सात्सुमाचे सरदार. सात्सुमावाल्यांनी तर आपण स्वतंत्र सत्ता असल्यासारखीच मांडणी केली होती. पुढच्याच वर्षी शोगुनाची सत्ता संपली आणि ती संपवणाऱ्यांत सात्सुमा पुढे होतं. पॅरिसमधल्या त्या मांडवात साईच्या रंगाची, सोन्यानं मढवलेली भांडी होती, आणि युरोपच्या तोंडी ‘सात्सुमा’ हे नाव बसलं ते तेव्हापासून.

मग १८७३ चं व्हिएन्ना. शोगुनानंतर आलेल्या नव्या मेइजी सरकारचं पहिलं मोठं प्रदर्शन. काय न्यावं याचा सल्ला द्यायला गॉटफ्रीड वागेनर नावाचा जर्मन होता, जो आधी अरिता या पोर्सेलीनच्या गावातल्या कुंभारांबरोबर भट्टीवर काम केलेला. नागोयाच्या किल्ल्याच्या छपरावरचा सोन्याचा मासासुद्धा उतरवून नेला. आणि सात्सुमातल्या नाएशिरोगावा गावचे बारावे चिन जुकान यांनी केलेली भल्या मोठ्या सात्सुमा फुलदाण्यांची जोडी तिथं गाजली. हे चिन घराणं मूळचं कोरियाचं. १५९८ साली शिमाझु सरदारानं कोरियावरच्या स्वारीतून परतताना कुंभारांना उचलून आणलं, त्यांचे हे वंशज. पावणेतीनशे वर्षं परक्या मातीत भट्टी पेटती ठेवलेल्या घरातली ती फुलदाणी, आणि तिच्याकडे बघून जग म्हणालं, वा, जपान! मी हे वाचून बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

चित्रकलेची शिक्षिका म्हणून मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते एका शब्दानं. व्हिएन्नाच्या प्रदर्शनाचे विभाग जपानीत भाषांतरित करताना ‘ललित कला’ या अर्थाचा शब्दच सापडेना, म्हणून ‘बिजुत्सु’ हा शब्द घडवला गेला. आजही जपानी माणूस कलेला तोच शब्द वापरतो. कुंभार, लाखकाम करणारा, चित्रकार हे त्यांच्याकडे आपापल्या जागी थोर होतेच, पण यातलं कुठलं कलेच्या दालनात बसवायचं आणि कुठलं कारागिरीच्या, हा प्रश्न बाहेरच्यांच्या रकान्यांनी आणला. मी शाळेत तीस वर्षं कुंभाराच्या मडक्याला ‘हस्तकला’ आणि कागदावरच्या चित्राला ‘चित्रकला’ असे वेगळे मार्क देत आले. आता वाटतं, ते रकाने मी तपासून पाहायला हवे होते.

व्हिएन्नाहून परत निघालेल्या वस्तूंचं काय झालं तेही सांगते, कारण ते वाचून मला झोप आली नाही. फ्रेंच जहाज ‘नील’ त्या घेऊन निघालं होतं. २० मार्च १८७४ ला, घर दिसायच्या अंतरावर, इझु द्वीपकल्पाजवळ ते बुडालं. काही पेट्या नंतर वर काढल्या, बाकी समुद्रात. पुढे ख्रिस्तोफर ड्रेसर हा ब्रिटिश डिझायनर १८७६ च्या अखेरीस जपानला गेला, तो या नुकसानीची भरपाई म्हणून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयानं दिलेल्या वस्तू घेऊन.

१८७६ च्या फिलाडेल्फियानं बाजारच उघडला. अरितातल्या कुंभारांनी त्याच्या तयारीसाठी आदल्या वर्षी ‘कोरान्शा’ नावाची मंडळी उभी केली. अमेरिकेतल्या सिनसिनाटीची मारिया लाँगवर्थ निकल्स तिथली जपानी भांडी पाहून इतकी भारावली की १८८० मध्ये तिनं स्वतःची रुकवुड ही कुंभारशाळा काढली. योकोहामाचे मियागावा कोझान यांच्या भांड्यांनी बक्षिसं मिळवली. त्यांचं १८८१ चं एक भांडं आहे, ओबडधोबड तपकिरी पात्राच्या काठाला दोन खेकडे चिकटून चढलेत, फोटोतसुद्धा ते हलतील असं वाटतं. चीननंही भाग घेतला होता, पण तिथली मांडणी सरकारनं जकात खात्याकडे सोपवलेली, आणि त्या खात्याचा प्रमुख रॉबर्ट हार्ट हा आयरिश माणूस.

आणि मग जे होतं ते झालं. मागणी आली म्हणून माल वाढला. सात्सुमातल्या कागोशिमाहून कोरी, पांढरी भांडी यायची आणि क्योटो, ओसाका, योकोहामाच्या कारखान्यांत रंगवली जायची. चीनमध्ये कँटनचं तसंच होतं: भांडं जिंगडेझेन या कुंभारांच्या गावचं, रंगवणारा कँटन बंदरातला. काकांकडे खाली तशी एक गुलाबी-हिरवी कँटन ताटली आहे, चार पाकळ्यांत आळीपाळीनं माणसं आणि फुलं. सोनं जास्त, ठिपके जास्त, चेहरे जास्त. १९०० च्या पॅरिसपर्यंत पाहणाऱ्यांना याचा कंटाळा आला, आणि तरी कारखाने चालूच राहिले, कारण कलकत्त्यात, रंगूनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये घेणारी घरं होती. आमचं त्यातलंच एक.

हा प्रदर्शनांचा वारा आपल्यापर्यंतही आला होता, हे आपण विसरतो. आपला अजब बंगला १८६३ चा, आणि डिसेंबर १८६५ मध्ये खुद्द नागपुरात मध्य प्रांताचं कला, कारागिरी आणि उत्पादनांचं प्रदर्शन भरलं होतं. पॅरिसला सात्सुमाचा मांडव लागायच्या सुमारे सव्वा वर्ष आधी.

तर फुलदाणी. कानाचा चुरा काही जोडण्याजोगा नव्हता. मुलानं शाबूत जोडीदाराच्या कानाचा सिलिकॉनचा साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतून नवा कान केला आणि मला विचारलं, रंगवू का? हुबेहूब सोनं, ठिपके, सगळं करता येईल, कळणार नाही. की नुसता साईचा रंग देऊ? मी म्हटलं, नुसता साईचा. लांबून सलग दिसतं, हातभर अंतरावरून नवा कान नवा म्हणून ओळखता येतो. बर्डीच्या त्या पेंटनंतर मला लपवाछपवी नको होती. मुलाचा चेहरा खुलला. त्याच्या मनातही तेच असावं, पण त्यानं मला ढकललं नाही.

भिंगाखाली काम करताना त्याला अजून एक गोष्ट सापडली. ड्रॅगनच्या शेपटीजवळ, मागच्या रांगेत, कानाच्या सावलीत एक अर्हत आहे. भुवया आहेत, नाक आहे, तेजोवलय सोन्याचं आहे. डोळे नाहीत. झिजलेले नाहीत, काढलेलेच नाहीत. इतकी वर्षं मी हिला पुसत आले, कधी दिसलं नव्हतं. कारखान्यात एकजण वस्त्रं भरत असेल, एकजण ठिपके ठेवत असेल, एकजण चेहरे. चेहरेवाल्यानं ओळीनं डोळे काढत आणले आणि हा एक राहून गेला; तोवर भट्टीची वेळ झाली असेल. मला त्या माणसाचा हात दिसला. किती फुलदाण्या रांगेत असतील त्याच्यापुढे, किती दिवे, किती तास. मुलानं विचारलं, “काढू का दोन ठिपके?” नको म्हटलं. तो त्याचा राहिलेला चेहरा आहे, आपण कशाला हात लावायचा.

आता इतर गोष्टी थोडक्यात. खालच्या दुकानात भाव ठरलेले असतात, घासाघीस करू नका, काका गप्प होतात. बनावट माल ते वेगळ्या फळीवर ठेवतात आणि तसं सांगून विकतात. त्यांच्याकडे एक चकचकीत नवी ‘सात्सुमा’ आहे, तिच्या चिरा छापलेल्या आहेत, हाताला लागत नाहीत. बुडाशी उजेडात धरलं की जपानी बाईचा चेहरा दिसतो असे पातळ ड्रॅगनचे कपही आहेत, तुमच्या आजीकडेही असतील, त्यांचे फार पैसे येत नाहीत असं ते आधीच सांगतात. नोरिताके या जपानी कंपनीचे सेट घेऊन येणाऱ्यांची गर्दी असते, त्यातले फुटके कप चहासाठी जोडून देत नाहीत. गोंद गरम चहात टिकत नाही आणि पोटातही जायला नको, हे त्यांचं कारण. फुलदाणी, बशी, मूर्ती घेऊन जा. काच ते दुरुस्तीला घेत नाहीत. रोख किंवा यूपीआय, कार्ड नाही. सोमवारी बंद. जिना फार उभा आहे, गुडघेदुखी असेल तर काका तुकडे खालीच बघतात, तसं सांगा. वरच्या खोलीत ॲसिटोनचा वास भरून असतो. तिथं एक एक्झॉस्ट पंखा बसवायलाच हवा, मी मुलाला दोनदा म्हटलं, इथेही लिहिते.

फुलदाणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरी आली. बरोबर एक कागद दिला: कुठल्या सांध्याला कुठला गोंद, नवा कान कशाचा, तारीख, आणि ‘काढायचं झाल्यास ॲसिटोन’. म्हणाला, पुढं कधी कुणी ही दुरुस्त करायला घेतली तर त्याला तीन आठवडे जायला नकोत. आजेसासऱ्यांचा कागदही त्यानं पातळ प्लॅस्टिकमध्ये घालून परत दिला. दोन्ही कागद मी फुलदाणीच्या आतच ठेवलेत. पश्चिमेच्या खिडकीतून जोडी आता देवघराच्या बाजूला, आतल्या भिंतीला आणली आहे, कोरड्या मऊ कुंचल्यानं धूळ झटकते, पाणी लावत नाही.

कूलर काढून ठेवायला तो इंदोऱ्याचा मुलगा आला, तेव्हा त्यानं ती आधी लांबून पाहिली, जवळ जायला तयार नव्हता. मी हात धरून नेला. डोळे नसलेला दाखवला. तो वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, “ध्यानात असेल, काकू.”

मेमध्ये वरचं काम ते बंद ठेवतात. तेव्हा काही फुटलं तर तुकडे कागदात वेगवेगळे गुंडाळा, चुरा डब्यात भरा, घरी काहीही चिकटवू नका, आणि पाऊस पडला की इतवारीत जा.